ताटी, माठ आणि कूलर: नागपूरच्या नवतपातले घर

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरच्या पहिल्या नऊ दिवसांना विदर्भात नवतपा म्हणतात. हल्ली तो २५ मेच्या सुमारास लागतो. नागपूर उत्तर अक्षांश २१ अंशांच्या किंचित वर आहे. त्यामुळे याच सुमारास, २६ मेच्या आगेमागे, भरदुपारी सूर्य शहराच्या बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली बुडाशीच विरते. मुंबईला हा दिवस मेच्या मध्यालाच येऊन गेलेला असतो, पण तिथे समुद्र जवळ आहे. नागपूरला तो नाही. वायव्येकडून येणारे कोरडे वारे, निरभ्र आकाश आणि तापलेली काळी जमीन यांमुळे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. भारतीय हवामान खात्याच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात ४५ अंश म्हणजे उष्णतेची लाट आणि ४७ अंश म्हणजे तीव्र लाट. नवतपात नागपूर, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या गावांना पहिला आकडा नवा नसतो आणि दुसराही अधूनमधून भेटतो. या दिवसांत पाऊस पडला तर पुढचा पावसाळा बिघडतो, अशी शेतकऱ्यांची जुनी समजूत आहे. त्यामुळे उकाड्याला वैतागलेला माणूसही नवतपा चांगला तापावा अशीच इच्छा धरतो.

या उन्हाळ्यात माणसे, विशेषतः म्हातारी माणसे, कशी राहत आली, याचे उत्तर तापमानापेक्षा हवेच्या कोरडेपणात आहे. मेमधल्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता अनेकदा पंधरा टक्क्यांच्याही खाली जाते. अशा हवेत पाणी झपाट्याने उडते आणि उडताना भोवतालची उष्णता घेऊन जाते. ४५ अंशांची हवा दहा-पंधरा टक्के आर्द्रतेची असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा २२-२३ अंशांपर्यंत उतरतो. पाण्याच्या बळावर घर किती थंड करता येईल, याची ती शेवटची मर्यादा. प्रत्यक्षात घर तिथवर पोहोचत नाही. पण बाहेर ४५ आणि आत ३० एवढा फरक पाडता येतो. कोकणातल्या घामट हवेत हा मार्ग बंदच असतो.

हाच कोरडेपणा सगळ्यांना मात्र लाभत नसे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून या गिरणीत हवेला ओल देणारी यंत्रे बसवली गेली. भारतीय गिरण्यांमधला तो अगदी सुरुवातीचा प्रयोग होता. म्हणजे नागपुरात यंत्राने हवा ओली झाली ती आधी सुतासाठी. माणसांसाठी तेच यंत्राने व्हायला पाऊण शतकाहून अधिक काळ जावा लागला. त्याच गिरणीने १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधीही उभारला. काम थांबल्यावर घरी बसून उन्हाळा काढणारा माणूस ही त्या काळी नवीच गोष्ट होती. शेतकरी, कोष्टी, कुंभार यांना निवृत्ती नव्हती. अंगात होते तोवर ते काम करत.

जुने घर मात्र यंत्राशिवायच बरेच काही साधत असे. जाड मातीच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर, पुढे ओसरी किंवा छपरी, मध्ये अंधारे माजघर आणि लहान खिडक्या अशी त्याची घडण. मातीची जाड भिंत दिवसभराची उष्णता आत पोहोचवायला कित्येक तास लावते. ती आत येईपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर माणसे अंगणात आलेली असतात. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. शेणाने सारवलेल्या जमिनीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले जाई. दुपारची झोप माजघरात आणि रात्रीची अंगणात बाजेवर. एकाच घरात दिवसातून दोन वेळा बिऱ्हाड हलवावे, असा हा प्रकार होता.

श्रीमंतांच्या आणि सरकारी इमारतींमध्ये यात वाळ्याची भर पडली. वाळा हे नदीकाठी, ओलसर जमिनीत वाढणारे उंच गवत. त्याची मुळे सुगंधी असतात. बांबूच्या चौकटीत ही मुळे दाबून बसवली की ताटी तयार होते. ती दारात किंवा खिडकीत लावून तिच्यावर पाणी मारायचे. बाहेरची झळ तिच्यातून आत येताना गार होते आणि वास घेऊन येते. अकबराच्या दरबारची माहिती देणाऱ्या ‘ऐन-ए-अकबरी’त वाळ्याच्या अशा चौकटींचा आणि त्यांनी बनवलेल्या थंड खोल्यांचा उल्लेख आहे. पुढे इंग्रजांनी ही ताटी उचलली. १८३०च्या दशकात उत्तर भारतातल्या बंगल्यांमध्ये थर्मँटिडोट नावाचे अवजड लाकडी यंत्र आले. पेटीच्या बाजूंना ओल्या ताट्या, आत हाताने फिरवायचा पंखा आणि पुढे खोलीत उघडणारे तोंड अशी त्याची रचना. आजच्या कूलरचा आराखडा त्यात जवळपास पुरा आहे. कमी होती ती फक्त विजेची.

नागपूर १८५४ मध्ये इंग्रजी अमलाखाली आले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाले. सिव्हिल लाइन्समध्ये उंच छतांचे, रुंद व्हरांड्यांचे बंगले उभे राहिले. १८६७ मध्ये रेल्वे आली. उन्हाळ्यात प्रांताचे सरकार पचमढीला जाई, वऱ्हाडातले साहेब चिखलदऱ्याला चढत. खालचे कारकून, मुन्सफ, मास्तर शहरातच राहत. कचेऱ्यांच्या दारांना ताट्या लागत आणि त्यांवर पाणी मारायला उन्हाळ्यापुरते पाणीवाले नेमले जात. रेल्वेच्या कचेऱ्यांत आणि स्थानकांवर तर ही हंगामी नेमणूक पुढे कित्येक दशके चालू राहिली. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढणारा माणूस वेगळा. साहेबाच्या खोलीतला गारवा म्हणजे बाहेर उन्हात बसलेल्या दोन माणसांची मजुरी होती, हे या काळाच्या रम्य वर्णनांत सहसा येत नाही.

मध्यमवर्गीय घरात हे काम पगारी माणसाकडे नव्हते. तिथे ताटी असलीच तर एका खोलीला, आणि तिच्यावर तांब्याने पाणी मारायची पाळी घरातल्या बायका-मुलांची. ताटी वाळू दिली की झळा सरळ आत येतात. म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने कोणीतरी उठायचे. ज्यांना ताटीही परवडत नसे, ते दारात ओले पोते किंवा जुने लुगडे टांगत. त्याला वास नसे, आणि दुपारच्या वाऱ्यात ते लवकर वाळे. पण तत्त्व तेच.

पिण्याच्या पाण्याचीही गोष्ट तीच. माठ गार होतो तो पाझरतो म्हणून. सूक्ष्म छिद्रांतून बाहेर आलेले पाणी उडते आणि आतले गार राहते. वर्षभरात क्षारांनी ही छिद्रे बुजतात. त्यामुळे दर उन्हाळ्याला नवा माठ घ्यायचा हा रिवाज आहे, आणि कुंभारांचा हंगामही त्यावरच चालतो. माठाखाली ओली वाळू, भोवती ओले फडके, आत वाळ्याची जुडी. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान करायचा, पितरांच्या नावे उदककुंभ द्यायचा, ही प्रथा या हंगामाच्या तोंडाशीच येते. प्रवासात जाड कापडाची छागल असे. गाडीच्या खिडकीबाहेर किंवा ट्रकच्या पुढे टांगलेली छागल वाऱ्यानेच पाणी गार करी. रस्त्यावर पाणपोया लागत. त्या बहुतेक कोणाच्या तरी स्मरणार्थ असत, आणि रांजण भरायला एखादी म्हातारी नाहीतर म्हातारा बसवलेला असे.

निवृत्तांची वस्ती अशी ओळख नागपूरच्या काही भागांना मिळाली ती विसाव्या शतकात. १९३६ मध्ये नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला आणि शहराच्या पश्चिमेला एकामागून एक ले-आउट पडू लागले. भूखंड घेणारे बरेचसे सरकारी नोकर होते. १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होते. त्या वर्षी राज्यपुनर्रचना झाली, राजधानीपण गेले आणि अनेक खाती भोपाळ-मुंबईकडे हलली. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे घेण्याचे ठरले, आणि ते भरते हिवाळ्यात. म्हणजे उन्हाळा सोसायचा राजशिष्टाचार नागपूरकरांकडेच राहिला. बदल्या होऊन गेलेले नोकर पन्नाशी ओलांडल्यावर परत येत, भूखंडावर दोन-तीन खोल्यांचे बैठे घर बांधत आणि पेन्शनीवर राहत. बहुतेक राज्य सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय ५८. मुले पुण्या-मुंबईला, पुढे बंगळुरूला आणि परदेशी गेली. साठ-सत्तरीचे दोघे, समोर फाटक, बाजूला आंबा किंवा कडुनिंब आणि गच्चीवर पाण्याची टाकी असे हे घर शहरभर दिसू लागले.

हे घर मातीचे नव्हते. सिमेंटच्या स्लॅबची जाडी चार-पाच इंच. ऊन तिच्यावर थेट पडते आणि दुपार ओलांडली की छताची उष्णता खाली उतरू लागते. विटेची भिंतही जुन्या मातीच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी जाड. कवेलू गेले तशी छपरातली हवेची वाटही गेली. त्यावर उपाय म्हणून गच्चीला चुना फासणे, संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतणे, अंगणावर हिरवी जाळी ताणणे हे सगळे आले. छत ओतले गेले तेव्हाच विजेचा पंखाही घरोघर पोहोचत होता. त्यामुळे नव्या घराचा हा दोष काही वर्षे लपून राहिला. नवतपात पंखा तापलेल्या स्लॅबखालची हवाच अंगावर फेकतो, हे कळायला फार वेळ लागत नाही.

या पोकळीत कूलर आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपुरात रुजलेला कूलर पत्र्याचा होता: चौकोनी पेटी, तीन बाजूंना ताट्या, तळाशी टाकी, पुढे एक्झॉस्ट पंखा आणि टाकीत छोटा पंप. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांच्या माथ्यावरच्या पन्हाळीतून झिरपते आणि पुन्हा टाकीत येते. दर पाऊण तासाला उठणारे माणूस पंपाने मोकळे केले. एवढा एक बदल सोडला तर सगळे जुनेच होते. ताटीसुद्धा आधी वाळ्याचीच होती. पुढे स्वस्त म्हणून लाकडाच्या छिलक्यांची, ज्यांना बाजारात वूडवूल म्हणतात, आणि मग मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कागदी पुठ्ठ्याची आली. पत्र्याची पेटी गल्लीतल्या कारखान्यात बनत असल्याने ती हव्या त्या मापाची मिळे. खिडकीच्या आकाराप्रमाणे कूलर, आणि तो उभा राहण्यासाठी लोखंडी घोडी. ती खिडकी मग उन्हाळ्यापुरती खिडकी राहत नाही.

कूलर बसवणे हे निवृत्त गृहस्थाचे मार्चमधले काम झाले, हे अनेक घरांत आपोआप घडले. टाकीचा गंज खरवडायचा, आतून डांबर किंवा रंग लावायचा, पंखा तेल घालून फिरवून बघायचा, पंपाची वायर तपासायची, ताट्या भरून घ्यायच्या. हंगाम सुरू झाला की रोज सकाळी नळ असेपर्यंत नळीने टाकी भरायची. निवृत्तीनंतर हाताला कामच नसलेल्या माणसाला रोजचे, वेळेवर करायचे आणि चुकले तर लगेच कळणारे काम मिळाले. घरातल्या बाईच्या कामात अशी खाडकन निवृत्ती कधी आलीच नव्हती. तिचा उन्हाळा मार्चपासून वाळवणात जाई. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवून ऊन चढायच्या आत सोऱ्याने पाडायचा. शेवया, सरगुंडे, पापड, मूगवड्या, वर्षाचे तिखट हे सगळे नवतपाच्या आधी उरकायचे, कारण नंतर वावटळी आणि वळवाचे ढग भरवशाचे नसतात. मुलांचे डबे भरून जाणारे हे काम दोघांच्याच घरात निम्म्यावर आले. बंद मात्र झाले नाही.

नवतपाच्या आठवड्यात या घराचा दिवस दोन टोकांना दाटतो. पहाटे पाचला उठणे, फुटाळा किंवा अंबाझरी तलावाकडे फेरी, भाजी-दूध, साडेआठ-नऊपर्यंत स्वयंपाक. नऊ-दहाला खिडक्या बंद, पडदे ओढलेले. कूलर मात्र बंद घरात चालत नाही, हे त्याचे मर्म. ओली हवा बाहेर जायला समोरची एक खिडकी वीतभर उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि गारवा लागत नाही. दुपारच्या जेवणात ताक, आंबिल किंवा कांदा, आणि आधी-नंतर कैरीचे पन्हे. ताक-पन्ह्याने पाण्याबरोबर मीठही पोटात जाते, त्यामुळे घामाने झालेली झीज भरून निघते. खिशात कांदा ठेवल्याने लू लागत नाही या समजुतीला मात्र असा आधार नाही. बारा ते पाच रस्ते ओस. बँकेचे, दवाखान्याचे काम अकराच्या आत, तेही डोक्याला दुपट्टा बांधून. संध्याकाळी सहाला दारे उघडायची, अंगणात सडा, खुर्च्या बाहेर. रात्री पूर्वी गच्चीवर गाद्या पडत. गुडघे दुखू लागल्यावर जिना चढवत नाही, आणि दोघांनाच वर झोपणे सुरक्षितही वाटत नाही, म्हणून ती रीत वयस्कांच्या घरांत आधी मोडली.

नातवंडांची सुट्टी याच दिवसांत पडते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पुण्या-मुंबईच्या मुलांना मात्र जूनच्या मध्यापर्यंत परतावे लागते. त्यामुळे आजी-आजोबांच्या घरी नातवंडे येतात ती ऐन नवतपात, आणि वर्षातला सगळ्यात तापलेला आठवडा घराला सगळ्यात भरलेला आठवडा म्हणून आठवतो.

पंपाने माणूस सुटला तरी पाणी सुटले नाही. कडक दुपारी मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज उडवतो, आणि शहराला पाणी सगळ्यात कमी असते तेही याच महिन्यात. अंबाझरी, १९११ चा गोरेवाडा तलाव, कन्हान आणि मग पेंच या नद्या असा नागपूरचा पाणीपुरवठा दूरदूर सरकत गेला. त्यातला किती वाटा कूलरांनी पिला, याचा हिशेब वेगळा कोणी ठेवत नाही. विजेचा हिशेब कूलरच्या बाजूने आहे: तो साधारण दोनशे वॉटवर चालतो, दीड टनी एसीला पंधराशेच्या आसपास लागतात. तरी या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने दुपारचे तासन्‌तास वीज गेली, तेव्हा पंप आणि पंखा दोन्ही थांबले. बऱ्याच घरांत कोपऱ्यात शोधायला जुनी ताटीही उरली नव्हती.

म्हाताऱ्या शरीराचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. वय वाढते तशी तहान कमी लागते, घामही कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातले पाणी आणखी उतरते. तापमान सोसवते आहे असे वाटत असतानाच उष्माघात होतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, आणि त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. नागपूर विभागाचा आराखडा २०१६ मध्ये आला. दवाखान्यात थंड कक्ष, दुपारी उघडी राहणारी उद्याने, आगाऊ इशारे हे त्यात आहे. त्यात एक जुनीच गोष्ट नव्याने सांगावी लागली: एकट्या-दुकट्या राहणाऱ्या वृद्धांची दिवसातून एकदा कोणीतरी चौकशी करावी. भरल्या वाड्यात हे सांगावे लागत नव्हते.

कूलरचे राज्य ८ जूनच्या सुमारास, मृग नक्षत्र लागले की डळमळते. पाऊस येण्याआधी हवा दमट होते, पारा ४० च्या आसपासच असतो, आणि ओली ताटी फारसे काही गार करू शकत नाही. उलट खोलीतल्या चादरीही ओलसर लागतात. मध्य जूनच्या पुढे पाऊस स्थिरावेपर्यंतचे हे दहा-पंधरा दिवस वृद्धांना नवतपाहून जड जातात. अनेक घरांत निजायच्या एका खोलीला एसी लागला तो या दिवसांच्या त्रासाने. दिवाणखान्यात कूलर तसाच राहिला. पाऊस लागला की टाकी रिकामी करावी लागते, कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि महापालिकेची माणसे पावसाळ्यात कूलरच आधी तपासतात. वाळ्याच्या ताट्या असतील तर उन्हात कडक वाळवून ठेवतात. वूडवूलच्या फेकून देतात.